निबंध एकाचा, शिक्षा दुसऱ्याला



शहरात खून किंवा लूटमार झाली की बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते : ‘आरोपींमध्ये दोन विधिसंघर्षग्रस्त बालकांचा समावेश आहे.’ दुसऱ्या दिवशी पानठेल्यापासून या सदरापर्यंत एकच सूर, ‘बालक’ ठरवण्याचे वय कमी करा आणि आत टाका. संताप समजू शकतो. ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याला कलमे ऐकवायला मी जाणार नाही.

मात्र ही मागणी 2015 च्या बाल न्याय कायद्याने अर्धी मान्य केलेलीच आहे. 16 वर्षांवरील मुलाने निर्घृण गुन्हा केला, तर प्राथमिक मूल्यांकनानंतर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. मोबाइल चोरणारे, मारामारीत सापडलेले असे जे उरतात, त्यांच्यासाठी कलम 18 मध्ये समज, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा असे मार्ग आहेत. हे मार्ग बदनाम झाले ते मे 2024 मध्ये. पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि त्यातील आरोपी 17 वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला. अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध. महाराष्ट्र आधी हसला, मग चिडला. चिडणे रास्तच होते. पण रक्ताचे नमुने बदलल्याचा जो आरोप झाला, तो मोठ्या माणसांवर होता. शिव्या मात्र ‘सुधारणा’ या शब्दाला बसल्या आणि त्या आता झोपडपट्टीतल्या पोट्ट्याला भोवत आहेत.

जामीन कायद्याने दोघांनाही मिळतो. फरक असा की एकाच्या बापाकडे वकील आहे, दुसऱ्याचा बाप रोजीवर आहे आणि बाल न्याय मंडळाच्या तारखेला आला तर दिवसाची मजुरी बुडते. माझा एक विद्यार्थी मोबाइल चोरीत सापडला. सुटून आल्यावर शाळेने त्याला परत घेतले नाही. ‘रिमांड होमचं पोरगं’ एवढेच कारण. अशा नोंदीमुळे मुलाला कसलीही अपात्रता येऊ नये असे कलम 24 सांगते. शाळेला ते माहीत नव्हते आणि खरे सांगायचे तर तेव्हा मलाही नव्हते.

अशा मुलांसाठी पर्याय नागपूरला शोधायला लांब जावे लागत नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीने फुटबॉल खेळणारी पोरे पाहिली आणि 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. पुढे नागराज मंजुळे यांनी त्यावर ‘झुंड’ हा चित्रपट काढला. फुटबॉलने गुन्हेगारी संपते असा माझा दावा नाही. पण रोज संध्याकाळी पाच वाजता आपली वाट पाहणारा एक मोठा माणूस आहे, ही गोष्ट त्या वयात फार मोठी असते. समाजसेवेच्या आदेशामागे असा माणूस उभा नसेल, तर तोही निबंधच ठरतो. परिविक्षा अधिकाऱ्याच्या हाती फायलींचा ढीग देऊन असा माणूस मिळणार नाही.

आणि टोळीचे काय? वस्तीवरचे ‘भाई’ पोरांच्या हाती चाकू देतात, कारण पोरगं लवकर सुटतं हे त्यांना पाठ असते. मुलांचा असा वापर करणाऱ्या प्रौढाला याच कायद्याच्या कलम 83 नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. ‘वय कमी करा’ म्हणणाऱ्यांपैकी कुणी हे कलम लावा असे म्हणताना मला आढळला नाही. पोरांचे वय चौदावर आणले, तर भाई तेरा वर्षांचा शोधेल.

गेल्या पाच वर्षांत नागपुरात या कलमाखाली किती प्रौढांवर गुन्हे दाखल झाले, हा एक आकडा पोलिस आयुक्तांनी जाहीर करावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, नागपूर