काकवीची बिस्किटे आणि जीवदयेचे खाते

पौष महिना उजाडला की कोल्हापूरच्या आसपासची गुऱ्हाळे ऐन भरात आलेली असतात. काहिलीत आटणारा उसाचा रस गूळ होण्याच्या थोडा आधी, धार धरता येईल अशा अवस्थेत काढून घेतला की त्याची काकवी होते. शाहूपुरीच्या पेठेत गुळाचा व्यवसाय असलेल्या एका जैन कुटुंबात या काकवीच्या निमित्ताने गेल्या वर्षी एक प्रसंग घडला. प्रसंग छोटा होता, परंतु दानाच्या हिशेबाविषयी तो बरेच काही शिकवून जातो.

घरातील धाकट्या सूनबाईंनी संक्रांतीच्या जीवदया निधीसाठी मसाल्याची मऊ बिस्किटे करून विकण्याचा संकल्प सोडला. सासूबाईंना प्रथम तो रुचला नाही. बेकरीचा पदार्थ म्हटला की त्यात अंडे असावयाचे, लोणी असावयाचे, परदेशी पद्धतीचा असला तर आले आणि मधही असावयाचे. यांपैकी एकही वस्तू त्यांच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. सूनबाईंनी प्रत्येक अडचणीचे उत्तर घरातच शोधले. लोण्याऐवजी साजूक तूप घेतले, ओल्या आल्याऐवजी सुंठ घेतली आणि अंडे व मध या दोहोंच्या जागी काकवी योजली. काकवी पीठ बांधून धरते. शिवाय तिच्यातील साखर ओलावा सोडत नाही. बिस्किट कुरकुरीत न होता दाताखाली मऊ, किंचित चिवट लागते ते त्यामुळेच.

प्रमाण असे ठरले : गव्हाचे बारीक पीठ 250 ग्रॅम, तूप 120 ग्रॅम, गुळाची पावडर 120 ग्रॅम, काकवी 100 ग्रॅम, खाण्याचा सोडा एक छोटा चमचा, सुंठ दीड चमचा, दालचिनी एक चमचा, लवंग व जायफळ चिमूटभर आणि चवीपुरते मीठ. पाण्याचा थेंबही घालावयाचा नाही. पीठ दोनदा चाळून, पाहून घ्यावयाचे. तूप, गूळ व काकवी एकजीव करून त्यात पीठ मिसळले आणि अर्धा तास झाकून ठेवले की साधारण पंचवीस ग्रॅमचे चोवीस गोळे होतात. भट्टी 175 अंशांवर आधी तापवून घ्यावी आणि गोळे दहा-अकरा मिनिटेच भाजावेत. कडा धरल्या आणि मध्यभाग अजून कच्चा वाटतो, त्याच क्षणी तबक बाहेर काढणे हे या पदार्थाचे मर्म आहे. तापलेल्या तबकावर तो आपोआप आळतो. दोन मिनिटांचा लोभ केला तर बिस्किट कडक होते. काम नेहमी दिवसाउजेडी होई आणि प्रत्येक डब्यावर केल्याची तिथी लिहिली जाई. हिवाळ्यात काळमर्यादा तीस दिवसांची असली तरी पंधरा दिवसांत डबा संपवावा, अशी सूचनाही सोबत असे.

पहिले तबक चाखल्यावर सासूबाई बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पीठ चाळण्यास मात्र त्याच बसू लागल्या.

संक्रांतीपर्यंत बारा बिस्किटांचे साठ डबे गेले. प्रत्येकी 150 रुपयांप्रमाणे 9,000 रुपये जमा झाले. तूप, पीठ, मसाला, डबे आणि वीज मिळून डब्यामागे 72 रुपये, म्हणजे एकूण 4,320 रुपये खर्च आला होता. सूनबाईंनी तो वजा करून उरलेले 4,680 रुपये पांजरपोळीत भरले आणि पावती आणून बापूजींपुढे ठेवली.

बापूजींनी पावती वाचली, मग शेल्फवर उरलेला एक डबा उचलून त्यावरची चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर छापले होते : विक्रीची सर्व रक्कम जीवदयेस.

"बेटा, सर्व रक्कम म्हणजे किती?" त्यांनी विचारले.

"बापूजी, खर्च वजा जाता जे उरले ते सर्व. दुकानातही आपण तसेच धरतो ना?"

"दुकानात गिऱ्हाईक पैसे आपल्याला देते. इथे लोकांनी ते जीवदयेला दिले, आपल्या हाती फक्त ठेवायला दिले. विक्री आणि ठेव यांची खतावणी एका पानावर होत नाही."

सूनबाईंचा चेहरा उतरला. महिनाभराच्या कष्टानंतर चूक पदरी यावी, याचे दुःख त्यांना झाले. बापूजी पुढे म्हणाले, "खर्च काढून घेण्यात पाप नाही. तसे आधी लिहिले असते तर एका शब्दाने प्रश्न आला नसता. पण 'सर्व' लिहिले, तर सर्व द्यावे लागते. जीवदयेची उधारी रात्रभरही घरात ठेवू नये."

पतीने रक्कम देऊ केली. सूनबाईंनी ती घेतली नाही. संकल्प आपला, तर मुद्दलही आपलेच, असे म्हणून त्यांनी स्वतःच्या बचतीची पिशवी उघडली. त्यावर सासूबाई आत गेल्या आणि 2,160 रुपये मोजून आणले. "पीठ मी चाळले आहे," एवढेच त्या म्हणाल्या. सूर्यास्तापूर्वी 4,320 रुपयांची दुसरी पावती घरात आली.

घरी भाजलेल्या बिस्किटांतून सत्कार्याचा निधी उभारण्याची प्रथा नवी नाही. अमेरिकेतील गर्ल स्काउट चळवळीच्या मुलींनी 1917 साली ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी येथे शाळेच्या उपाहारगृहात अशी विक्री केली होती. जुलै 1922 मध्ये त्या चळवळीच्या मासिकात शिकागोच्या फ्लॉरेन्स नील यांनी पाककृतीसोबत हिशेबही छापला : सहा-सात डझनांचे साहित्य 26 ते 36 सेंटांत आणि विक्री डझनाला 25 किंवा 30 सेंट. त्या पाककृतीत अंडी होती, हा भाग निराळा. परंतु विक्रीआधी खर्च मांडण्याची शिस्त आपल्यालाही घेण्याजोगी आहे. मुलींचे श्रम मात्र त्या हिशेबात कोठेच नव्हते; ते दानातच गेले.

अशा उपक्रमात आणखी दोन गोष्टींचे भान ठेवावे. डबा विकत घेणाऱ्यास वस्तू मिळते, म्हणून ती खरेदी आयकराच्या दृष्टीने देणगी ठरत नाही. देणगीवरील करसवलतीची आशा ग्राहकास दाखवू नये. वस्तुरूप दानासही ती सवलत नाही आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीसही नाही. दुसरे असे की, जीवदयेच्या नावाने आलेला पैसा जीवदयेतच गेला पाहिजे. कार्य कितीही चांगले असले तरी तो अन्य खात्यात वळविता येत नाही.

यंदा पौषात त्या घरी पुन्हा काकवी आली. पहिले तबक भट्टीत जाण्यापूर्वी सासू-सुनेने सामानाचा खर्च निम्मा-निम्मा बाजूला काढून ठेवला. चिठ्ठीही बदलली : सामान घरचे, विक्रीची सर्व रक्कम जीवदयेस. छपाईपूर्वी ती बापूजींना दाखविण्यात आली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि दुकानातल्यासारखी खाली आपली सही केली.