तळघराची वाट

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन एका जागत्या भ्रंशरेषेवर वसली आहे. तेथील संसद भवन पाहावयास येणाऱ्यांना सभागृहांबरोबर तळघरही दाखवितात. १९९०च्या दशकात ही जुनी दगडी वास्तू मूळ पायापासून विलग करून चारशेहून अधिक आधारांवर विसावली. रबर आणि पोलादाचे थर, काहींच्या गाभ्यात शिसे. जमीन आडवी हलली की रबर झुकते, शिसे धक्क्याची ऊर्जा जिरविते. शिसे-रबराचा हा आधार बिल रॉबिन्सन यांनी १९७०च्या दशकात सिद्ध केला.

२६ जानेवारी २००१ रोजी भुजचे जिल्हा रुग्णालय कोसळले. त्याजागी २००४ पर्यंत उभारलेल्या नव्या रुग्णालयाखाली हेच तंत्र आहे. तेथे येणाऱ्या किती जणांना आपण कशावर उभे आहोत हे कळत असेल?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला यात माहितीच्या विषमतेचा प्रश्न दिसतो. संगमरवर, दर्शनी कमान सर्वांस दिसते. खांबातील रिंगांचे आकडे १३५ अंशांत वळविले की नाही, हे काँक्रीट ओतल्यावर कंत्राटदारालाच ठाऊक! जे दिसत नाही त्यावरील खर्च निविदेच्या टेबलावर प्रथम कापला जातो.

म्हणून सरकारी इमारतींचे तळघर नागरिकांस खुले करावे. घबराट पसरेल, सुरक्षा धोक्यात येईल, असे शेरे फाइलीवर येतीलच (संसदेलाही सुरक्षा असते, हे लिहिणारे विसरतात). निदान नव्या जिल्हा रुग्णालयांपासून आरंभ व्हावा: बांधकामाचे नकाशे दर्शनी भिंतीवर, आणि महिन्यातील एका शनिवारी अभियंत्यासह फेरी.