फॉरमॅट मारावा लागेल!

पुण्यापासून परभणीपर्यंत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात सुरू न होणारा लॅपटॉप घेऊन जा. काउंटरपलीकडचा मुलगा बटण दाबतो, पंधरा-वीस सेकंद स्क्रीनकडे बघतो, मान हलवतो आणि निकाल देतो, "फॉरमॅट मारावा लागेल." वर एक प्रश्न विचारतो, "डेटा हवाय का?" हा प्रश्न भाजीवाल्याने "कोथिंबीर देऊ का?" विचारावं इतक्या सहजपणे येतो. हवा म्हटलं तर पैसे जास्त, दिवस जास्त, आणि चेहऱ्यावर 'कशाला उगाच' असा भाव.

मंडळी, आज मी या एका वाक्याशी भांडायला बसले आहे. माझं म्हणणं सरळ आहे : सुरू न होणाऱ्या लॅपटॉपवर 'फॉरमॅट' हे शंभरातल्या बहुतेक वेळा निदान नसतंच. निदान न करण्याची ती सोय असते. आणि त्या सोयीची किंमत दुकानदार नाही, आपण मोजतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. "लॅपटॉप सुरू होत नाही" हा एक आजार नाही. "पोटात दुखतंय" म्हटल्यावर डॉक्टर लगेच सुरी काढत नाहीत, कुठे दुखतंय ते दाबून बघतात. लॅपटॉपलाही दाबून बघण्याच्या चार जागा आहेत.

पहिली जागा विजेची. बटण दाबलं, काहीच नाही. दिवा नाही, पंखा नाही. इथे चार्जर, वायर, चार्जिंगचं भोक, बॅटरी यांच्याकडे बघायचं. चार्जर काढून, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, मग फक्त चार्जर लावून बघायचं. आत साठलेली वीज निघून जाते आणि कितीतरी यंत्रं एवढ्यावर उठून बसतात. फुकटात.

दुसरी जागा यंत्राच्या स्वतःच्या तपासणीची. बटण दाबल्यावर विंडोज येण्याआधीच लॅपटॉप स्वतःची मेमरी, डिस्प्ले, कीबोर्ड तपासून घेतो. इथे अडलं तर दिवे लागतात, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. कधी ठराविक वेळा बीप वाजतो, कधी कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो. हे बीप म्हणजे यंत्राने सांगितलेलं दुखणंच असतं, कंपनीच्या माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ दिलेला असतो. रॅम काढून, साफ करून पुन्हा नीट बसवणं, टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर जोडून बघणं, स्क्रीनवर तिरका टॉर्च मारून आत पुसटसं चित्र दिसतंय का ते बघणं (दिसलं तर यंत्र ठणठणीत आहे, गेलाय तो स्क्रीनमागचा उजेड!), हे या पायरीचे उपाय.

तिसरी जागा डिस्कची. कंपनीचा लोगो येतो आणि मग काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाची ओळ. आधी बघा, एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का. हसू नका, पुष्कळदा तेवढंच असतं :) नाहीतर बायॉसमध्ये जाऊन डिस्क दिसते का बघायचं. दिसत नसेल तर जोडणी सैल आहे किंवा डिस्क आजारी आहे. दिसत असेल तर सेटिंग बदललं असेल. जुन्या लॅपटॉपमधला बायॉसचा छोटा सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि सेटिंगही विसरली जातात.

आणि चौथी जागा, विंडोजची. लोगोखाली ठिपके गोल गोल फिरत राहतात, किंवा निळा पडदा येतो. इथेही लागोपाठ दोन-तीनदा सुरू होणं अर्धवट राहिलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यात स्टार्टअप रिपेअर आहे, शेवटचं अपडेट काढून टाकण्याची सोय आहे, सेफ मोड आहे, जुन्या रिस्टोअर पॉइंटवर परत जाण्याची सोय आहे. हे सगळं मायक्रोसॉफ्टनेच दिलेलं, कुठल्याही यंत्रात असलेलं.

आता बघा. फॉरमॅटने काय दुरुस्त होतं? फक्त चौथी जागा. पहिल्या तीन जागांवर फॉरमॅटचा काडीचाही उपयोग नाही. आणि चौथ्या जागेवरही तो सगळ्यात शेवटचा उपाय आहे. तरीही निकाल पंधरा सेकंदांत!

कुणाला वाटेल मी फुगवून सांगते आहे. तर जगाने एकदा याची परीक्षा दिली आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. एकही यंत्र नीट सुरू होत नव्हतं. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. बस. त्या दिवशी प्रत्येक यंत्र गल्लीतल्या दुकानात गेलं असतं तर ८५ लाख फॉरमॅट झाले असते आणि प्रत्येक ठिकाणी "बघा, झालं की नाही सुरू!" असं ऐकायला मिळालं असतं. हीच या उपायाची खरी गंमत आहे. तो कधीकधी लागू पडतो, म्हणून बरोबर वाटतो. डोकं दुखतं म्हणून गाव सोडलं आणि डोकं थांबलं, तर दोष गावाचा होता असं म्हणायचं का?

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, यंत्रच आहे. घरच्यांना ही गोष्ट ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचे काका (मावशीचे यजमान) गेले त्याच्या आधीची दोन वर्षं ते रोज पहाटे भूपाळ्या म्हणत आणि मावशीने हौसेने त्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी तो लॅपटॉप लोगोवर अडकायला लागला. दुकानात "डेटा हवाय का?" विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "अहो, मला डेटाबिटा कळत नाही, माझी गाणी तेवढी राहू द्या." गाणी म्हणजे डेटा हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्या मुलाला समजून घ्यायची गरज वाटली नाही. तासाभरात फॉरमॅट, पाचशे रुपये. आठ दिवसांनी लॅपटॉप पुन्हा लोगोवर अडकला. दुसऱ्या एका माणसाने उघडून बघितलं तर रॅमची एक पट्टी खराब होती. पट्टी बदलली, लॅपटॉप आजही छान चालतो. त्यात काका नाहीत.

पूर्वी निदान एक आशा असायची. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट केला तरी मजकूर जागेवरच राहायचा, पुसली जायची ती फक्त अनुक्रमणिका. जाणकार माणूस सॉफ्टवेअर लावून बरंच काही परत काढायचा. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यावर विंडोज फॉरमॅट करताना 'ट्रिम' नावाची आज्ञा पाठवतं, म्हणजे 'ही जागा आता रिकामी समज'. डिस्क मग आपल्या सवडीने ते कप्पे खरोखरच रिकामे करते. परत काढायला काही उरत नाही. म्हणजे यंत्र बदललं, फॉरमॅटचा अर्थ बदलला, पण दुकानातलं वाक्य मात्र वीस वर्षं तेच राहिलं. पूर्वी ते वाक्य आळशी होतं. आज ते धोक्याचं आहे.

दुकानदारांची बाजू मला माहीत नाही असं नाही. ते म्हणतात, ताई, नीट शोधायला तीन तास लागतात आणि गिऱ्हाईक तीनशे रुपये द्यायला कुरकुरतं. फॉरमॅट लावला की यंत्र आपोआप काम करतं, मी तोवर दुसरे चार लॅपटॉप बघतो. हे खरं आहे, आणि याचं उत्तर आपल्याकडेही मागितलं पाहिजे. डॉक्टरने तपासून "काही नाही, उकडीचे मोदक जरा कमी खा" म्हटलं तरी आपण फी देतो. लॅपटॉपवाल्याने तपासून "फक्त रॅम सैल होती" म्हटलं की मात्र "मग पैसे कसले?" विचारतो. निदानाला किंमत न देणाऱ्या समाजाला निदान मिळत नाही, उरकणं मिळतं. पण एवढं मान्य करूनही एक गोष्ट सुटत नाही. वेळ नाही, पैसे परवडत नाहीत, तर "मला शोधायला वेळ नाही" असं सांगावं. "फॉरमॅट मारावाच लागेल" हे सांगणं म्हणजे न केलेल्या तपासणीचा अहवाल देणं आहे.

दुसरा युक्तिवाद : "बॅकअप का नव्हता?" बॅकअप असायलाच हवा, हजारदा मान्य. पण दाराला कुलूप नव्हतं म्हणून चोर निर्दोष ठरत नाही. आणि मावशीच्या वयाच्या माणसांना लॅपटॉप विकताना बॅकअप कसा घ्यायचा हे कुणी दुकानात बसून शिकवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि कंपन्यांनाही मोकळं सोडायचं कारण नाही. पातळ लॅपटॉपच्या नावाखाली रॅम बोर्डावरच सोल्डर करतात. म्हणजे मावशीची पट्टी बदलली तशी बदलायची सोयच नाही, अख्खा बोर्ड बदला. त्यात २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की बहुतेक यंत्रांवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. चोरी झाली तर उत्तम. पण बोर्ड बदलला किंवा कधी बायॉस अपडेट झाला की यंत्र ४८ अंकी किल्ली मागतं, आणि अशी काही किल्ली असते हेच मालकाला पहिल्यांदा त्या दिवशी कळतं! दुकानदार खांदे उडवून पुन्हा तेच वाक्य म्हणतो, आणि या वेळी दुर्दैवाने ते खरं असू शकतं. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही काढलं. चांगली गोष्ट आहे. पण हक्क पोर्टलवर नसतो, काउंटरवर मागावा लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर काय मागायचं ते सांगते. पहिलं, "चारपैकी कुठल्या पायरीवर अडलंय?" हे विचारा. उत्तर नसेल तर लॅपटॉप उचला. दुसरं, पावतीवर लिहून घ्या : 'मालकाच्या लेखी परवानगीशिवाय डिस्कवरचं काहीही पुसू नये.' तिसरं, दुरुस्तीआधी डिस्क बाहेर काढून किंवा लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून फाइल्स दुसरीकडे उतरवायला सांगा, आणि त्याचे पैसे आनंदाने द्या. फिरती डिस्क टकटक आवाज करत असेल तर घरी पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका, दुरुस्तीच्या आज्ञाही चालवू नका, बंद करून जाणकाराकडे न्या. आणि ज्यांचा लॅपटॉप आज व्यवस्थित चालतोय त्यांनी आजच मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती ४८ अंकी किल्ली एका कागदावर उतरवावी आणि तो कागद घराच्या कागदपत्रांत ठेवावा. लॅपटॉपच्या बॅगेत नको!

आत्या, काकू, दादा, वहिनी, तुम्ही सगळे हे वाचताय हे मला माहीत आहे. तुमच्या घरातल्या त्या चपट्या डब्यात कुणाचं तरी बारसं आहे, कुणाचा तरी आवाज आहे. तो डबा दुकानदाराच्या हातात देताना "डेटा हवाय का?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे. "हवाय. आणि आधी तोच हवाय. लॅपटॉप नंतर."