गवंड्याची बाजू

गवंडी, सुतार, प्लंबर म्हणजे लुटारूंची टोळी, असं म्हणणाऱ्यांशी माझं उघड भांडण आहे. २०१९ च्या जुलैत उल्हास नदी आमच्या बदलापूरच्या घरात न बोलावता येऊन गेली. मागोमाग गवंडी आला, बोलावलेला. भिंत ठोकून म्हणाला, “काकी, ओल आहे. आत्ता गिलावा केलात तर पैसे पाण्यात. दिवाळीनंतर बघू.” हातची मजुरी सोडली की हो त्यानं! वर सासूबाईंची खाट विटांवर चढवून दिली, फुकट. आमचे हे मात्र त्याच्या चहातली साखर मोजत होते. ह्यांचं एकट्याचं तरी काय! अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं; बांधणारा राजा कोण ते सगळे विचारतात, पाथरवट कोण हे कुणी विचारलंय? दिवाळीनंतर तो आला, जुन्याच दरात. घासाघीस ह्यांनी केली.