पिल्ले उडून जाणारच?

गिरगावच्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहू लागले, तसे एक वाक्य वारंवार कानी येऊ लागले, ‘पंख फुटले की पिल्ले उडून जाणारच, हा निसर्गनियमच आहे.’ वृद्ध आईवडिलांना एकटे टाकणाऱ्या सुपुत्रांना निसर्गाचा हा पुळका नेमका तेव्हाच कसा येतो? पागडीच्या खोलीच्या वारसाहक्काचा प्रश्न निघाला की उडालेली सारी पिल्ले झाडून घरट्यात हजर!

पोटासाठी दूर जाणे हा अपराध नव्हे. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागची कितीतरी गिरणी कामगार कुटुंबे पांगली. त्यांना कोण दोष देईल? आक्षेप आहे तो निसर्गाच्या नावावर खपविल्या जाणाऱ्या कृतघ्नतेला.

निसर्गाचीच साक्ष काढायची तर नीट काढावी. ज्या पक्ष्याला आपल्या लोकांनी ‘सातभाई’ असे कुटुंबाचे नाव दिले, त्याची पंख फुटलेली पिल्लेही लगेच थवा सोडत नाहीत. धाकट्या भावंडांना भरविण्यास ती आईबापांना हातभार लावतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ज्याला बोधचिन्हाचा मान दिला तो धनेश पाहा. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर कित्येक आठवडे एका फटीतून तिला व पिल्लांना भरवीत राहतो. हत्तींच्या कळपाची नायिका तर वडीलधारी हत्तीणच. १९९३ साली टांझानियाच्या तरंगिरे राष्ट्रीय उद्यानात दुष्काळ पडला, तेव्हा वयस्क हत्तिणी असलेल्या कळपांची पिल्ले अधिक वाचली. आपल्या घरात मात्र अनुभवी म्हातारी ‘अडगळ’ ठरते!

अर्थात बहुतेक प्राण्यांत माया वरून खालीच वाहते. थकलेल्या आईबापांना पिल्ले भरवीत नाहीत, हेही खरे. जे पशूला जमले नाही, ते माणसाने संस्काराने साधले. ते टाकून ‘निसर्गनियम’ सांगणारा स्वतःला कोणत्या पंक्तीत बसवितो?

संस्कार क्षीण झाले म्हणूनच २००७ साली संसदेला आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला. त्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले घर मुलाने ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. ती अट कागदावर नसेल, तर मात्र वृद्धांची बाजू लंगडी पडते. म्हणून नव्या इमारतीतील घर मुलाच्या नावे करण्यापूर्वी सांभाळाची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. संकोच वाटेल, पण सही त्यानंतरच करावी.