करापुरता नोकर

ब्रिटनमध्ये सरकारी खात्याचे कंत्राट स्वीकारण्यापूर्वी माणसाला एका प्रश्नाचा निकाल लावून घ्यावा लागतो : करखात्याच्या लेखी आपण स्वतंत्र व्यावसायिक की नोकर? स्वतःची छोटी कंपनी मध्ये घालून नोकरदाराचा कर टाळला जाऊ नये, म्हणून २००० साली ‘आयआर ३५’ हा नियम आला. एप्रिल २०१७ पासून सार्वजनिक क्षेत्रात हा निर्णय काम देणाऱ्या संस्थेकडे गेला.

करचुकवेगिरीला आळा घालण्यास समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. सार्वजनिक रुग्णालये करावरच चालतात. प्रश्न निराळा आहे. कामावर नियंत्रण कोणाचे, बदली माणूस धाडण्याची मुभा आहे काय, परस्परांवर बंधन कितपत, या कसोट्यांवर तो नोकर ठरला की प्राप्तिकर व राष्ट्रीय विमा परस्पर कापला जातो. भरपगारी रजा, आजारपणातील वेतन, निवृत्तिवेतन हे हक्क मात्र या निर्णयाने त्या खात्याकडून मिळत नाहीत. कर नोकराचा, असुरक्षितता कंत्राटदाराची!

या कसोट्या सरकारलाही पेललेल्या नाहीत. चुकीच्या निर्णयांपोटी तेथील श्रम व निवृत्तिवेतन खात्यावर २०२०-२१ च्या हिशेबात सुमारे ८ कोटी ८० लाख पौंडांचा बोजा पडला.

सहीपूर्वी निर्णय सकारण व लेखी मागावा. २०२१ पासून तो देणे बंधनकारक आहे, आणि हरकतीला ४५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. परंतु एकेकट्याची सावधगिरी हा न्याय नव्हे. राज्यसंस्था ज्याला करासाठी नोकर म्हणते, त्याला तिने हक्कांसाठीही नोकर म्हटले पाहिजे. ही मागणी एकट्याने नव्हे, संघटनेनेच करावयाची असते.