कारध्याच्या उन्हात समुद्राची टाकी

भंडाऱ्याजवळच्या कारध्याचं नाव पेपरात येतं ते पावसाळ्यात. वैनगंगेचं पाणी इथल्या पुलाजवळ २४५.५० मीटरला पोचलं की धोक्याची पातळी ओलांडली, आणि मग नदीकाठची गावं सेंटिमीटर-सेंटिमीटर मोजत रात्र काढतात. पाण्यावर नजर ठेवायची एवढी सवय असलेल्या या भागातही घरातल्या मत्स्यालयात साधा तापमापक क्वचितच दिसतो. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची हौस असेल तर ही कसर फार महागात पडते. समुद्रात तापमान सावकाश बदलतं, त्यामुळे तिथल्या जिवांना चढउताराची सवय नसते. त्यांना २४ ते २७ अंशांचं पाणी मानवतं, आणि इथे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या आसपास खेळत असतो.

असा शौक विदर्भात करूच नये, तो मुंबईकरांनी करावा, असं पुष्कळांना वाटतं. उन्हाळ्यापुरतं बोलायचं तर गोष्ट नेमकी उलट आहे. मे महिन्यात टाकी थंड ठेवणं मुंबईपेक्षा भंडाऱ्यात सोपं आहे.

कारण आहे कोरडी हवा. दुपारी ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर नुसत्या बाष्पीभवनाने पाणी तत्त्वतः २४ अंशांपर्यंत उतरू शकतं. मुंबईत पारा ३३ वरच असतो, पण आर्द्रता ७० टक्के. तिथे हीच मर्यादा २८ अंशांच्या आसपास अडते. विदर्भात घरोघरी कूलर चालतो आणि मुंबईत तो निरुपयोगी ठरतो, त्याच्या मुळाशी हाच फरक आहे. टाकीच्या पाण्यालाही तोच न्याय लागू पडतो.

तरीही पाणी तापलं की पहिला हात जातो तो फ्रीजमधल्या बर्फाकडे. इथे थोडा हिशेब करावा. १०० लिटरच्या टाकीत एक किलो बर्फाची बंद बाटली सोडली, तर आतला बर्फ वितळून आजूबाजूच्या पाण्याइतका गरम होईपर्यंत टाकी जेमतेम एक अंशाने उतरते. तासा-दोन तासांत पारा पुन्हा चढतो, मग दुसरी बाटली. या वरखाली हेलकाव्यांचा माशांना जास्त त्रास होतो. त्याच टाकीतलं एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणजे पावणेसहा अंशांइतकी. बाहेरून उष्णता आत येतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात उतार याहून कमी पडतो. पण बर्फाच्या पाचपट काम एक लिटर वाफ करते, आणि तेही सावकाश, एकसारखं.

त्यासाठी लागतो एक छोटा पंखा. काचेचं झाकण काढायचं आणि मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून बारीक जाळी बसवायची. पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा धरायचा, म्हणजे वारा पाण्यावरून सरकत जाईल आणि दमट हवा पलीकडे ढकलली जाईल. पंपाचं तोंड थोडं वर वळवून पृष्ठभाग हलता ठेवला की काम आणखी चांगलं होतं. पंखा तापमान-नियंत्रकाला जोडला तर २६ वर सुरू, २५ वर बंद, असं आपोआप चालतं. खोलीत कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीच दमट होऊन सगळी मेहनत वाया जाते. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. सिमेंटची भिंत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता घरात सोडत राहते. पाण्यात बुडवलेला पंप आणि वरचे दिवे हेही पाणी तापवतात; नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, दिव्यांचे तास कमी करून ते पहाटे किंवा रात्री ठेवलेले बरे.

मात्र उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. रोज दोन लिटर उडालं आणि पाच दिवस कुणी लक्ष दिलं नाही, तर १०० लिटरच्या टाकीतली क्षारता हजारी ३५ वरून ३९ पर्यंत चढते. म्हणून काचेवर एक खूण करून रोज तिथपर्यंत गोडं पाणीच भरायचं, मिठाचं नव्हे. बोअरचं पाणीही नको, त्यात आधीच क्षार असतात. आरओचं चालेल.

खरा घोर लागतो तो नवतपा संपल्यावर. मृगाच्या सरी पडतात, माणसं सुटकेचा श्वास सोडतात, आणि कूलर चिकचिक करू लागतो. पारा ३२ वर आलेला असतो, पण आर्द्रता ८० टक्के झाली की बाष्पीभवनाची मर्यादा २९ अंशांवर जाते. मे महिन्याच्या आगीत तगलेली टाकी जूनच्या अखेरीस, बाहेर गारवा असताना, हातची जाऊ शकते. एसी किंवा चिलर लागतो तो या दिवसांसाठी. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो, म्हणून बंद खोलीत त्याचा फारसा उपयोग नाही. छोट्या खोलीला एसी असेल तर तोच २६ वर लावणं सोयीचं.

याच दिवसांतल्या पावसाळी वादळात वीज जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, ३५ ला सातच्याही खाली, आणि खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. पंप थांबला की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. तळ्यावरच्या ढिवर मच्छीमारांना हे दृश्य उन्हाळ्यातल्या पहाटे ओळखीचं असतं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन समजू नये. टाकी घेतानाच तो घ्यावा.

राहता राहिले प्रवाळ. त्यांचा मोह टाळावा, आणि त्याचं पहिलं कारण कायदा आहे. खडक घडवणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार काहीही सांगो, समुद्रातून तोडलेला जिवंत तुकडा घरात ठेवणं हा गुन्हा आहे. दुसरं कारण उष्णतेचंच. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद-दुसरा अंश वर राहिलं आणि काही आठवडे तसंच टिकलं, तर प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. मालवणच्या सागरी अभयारण्यातही हे घडल्याचं संशोधकांनी २०१५ मध्ये नोंदवलं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरच्या प्रवाळांवरचं चौथं मोठं संकट जाहीर झालं, आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. अख्ख्या समुद्राला जे झेपलं नाही, ते दिवाणखान्यातल्या १०० लिटरच्या टाकीकडून मागणं रास्त नाही.

समुद्राचा रंगच हवा असेल तर पैदास केलेले क्लाउनफिश आहेत. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने अशा माशांची पैदास उभी केली आहे; तामिळनाडूतल्या मंडपमला केंद्रीय संस्थेने ते तंत्र बसवलं आहे. समुद्रातून न पकडलेला मासा टाकीतच वाढलेला असतो, तयार खाद्य खातो, आणि त्याच्यासाठी कुणी प्रवाळखडक फोडलेला नसतो. भंडारा-नागपूरच्या ग्राहकाने दुकानात मासा कुठून आला हे आधी विचारावं, आणि टाकी मार्चमध्ये घेण्याऐवजी दिवाळीनंतर घ्यावी, म्हणजे उन्हाळ्याआधी पंखा, नियंत्रक आणि पाण्याचा ताळमेळ बसवायला तीन-चार महिने मिळतात.